मध एकट्याच्या शेतात होत नाही

(भिंगार येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बैठकीच्या पत्रकात आमच्या नावापुढे 'मधमाशी' हा विषय छापलेला पाहून काही मंडळी हसली. कापसाचा भाव, ज्वारीची मजुरी, वीजबिल असे डोंगराएवढे प्रश्न समोर असताना माशीवर काय बोलायचे? त्यांचे हसणे आम्हाला मान्य आहे. आम्हीही दहा वर्षांपूर्वी असेच हसलो असतो. परंतु आज जे सांगणार आहोत ते ऐकून घ्या, आणि त्यानंतरही हसू आले तर खुशाल हसा.

पाथर्डी-शेवगावकडून भिंगारला येताना दोन्ही बाजूंची राने तुम्ही पाहिली असतील. कापूस, तूर, बाजरी, पुढे रब्बीची ज्वारी. या रानात आपल्याला मजुरी न मागता काम करणारा एकच गडी आहे, तो म्हणजे माशी. त्या गड्याला आपण काय दिले, याचा हिशेब आज मांडायचा आहे. पहिला हिशेब आमचा स्वतःचाच मांडतो, कारण दुसऱ्याला शहाणपण सांगण्याआधी आपली चूक सांगावी.

आमची फसगत

काही वर्षांपूर्वी आम्ही सात-आठ जणांनी मिळून मधपेट्या घेतल्या. पेट्या विकणारा एक व्यापारी गावात आला होता. त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, असे पुष्कळ जण फिरत असतात. जोडधंदा, बिनखर्ची, बिनमेहनती, वर्षाला पेटीमागे तीस किलो मध, असा त्याचा हिशेब होता. बिनखर्ची आणि बिनमेहनती हे दोन शब्द एका वाक्यात आले की शेतकऱ्याने उठून घरी जावे, हे आम्ही तेव्हा शिकलो नव्हतो.

पेट्यांत मेलिफेरा म्हणजे युरोपातली माशी होती. पहिल्या हिवाळ्यात करडई होती, शेजारच्या गावात सूर्यफूल होते, मध निघाला. आम्ही खूष. फाल्गुन सरला, निंबाचा बहर झडला, आणि रानात फूल दिसेना. माशा उपाशी पडल्या. व्यापारी म्हणाला, साखरेचा पाक ठेवा. ठेवला. पावसाळ्यात पुन्हा ठेवला. मग माशांच्या अंगावर तांबूस गोचिडासारखे कीटक दिसू लागले. व्यापारी म्हणाला, औषधाच्या पट्ट्या टाका. टाकल्या. अळ्या सडायला लागल्या. तो म्हणाला, माणसांना देतात तीच गोळी पाकात विरघळवा. तेही केले. पुढच्या काढणीला मध यंत्रात फिरवला तेव्हा तो पांढुरका, पातळ, बिनवासाचा निघाला. तो फुलांचा नव्हताच. आम्हीच दुकानातून आणलेली साखर माशीने पोळ्यात भरून ठेवली होती.

आणि भावांनो, तो मध आम्ही विकला. गावात, पाहुण्यांत, घरच्या माणसांत विकला. 'शेतातला शुद्ध मध' म्हणून विकला. आमच्यातल्या एकाच्या म्हाताऱ्या आईने तो चाखला आणि म्हणाली, "बाबा, हा पाक हाय, मध नाय." दुधात पाणी घालणाऱ्याला आपण शिव्या देतो. आम्ही त्याच्या पंगतीला जाऊन बसलो होतो, आणि आम्हाला ते कळलेही नव्हते.

पेट्यांचा शेवट सांगतो. माघ महिन्यात कांदा बियाण्याच्या प्लॉटवर भर दुपारी फुलकिड्यांसाठी फवारणी झाली. संध्याकाळी प्रत्येक पेटीच्या दारात मेलेल्या माशांचा ओंजळभर ढीग. फवारणी करणारा कोणी शत्रू नव्हता, आमच्यातलाच एक होता. पेट्याही त्याच्या होत्या आणि कांदाही त्याचाच होता.

परकी माशी, देशी माशी

त्यानंतर आम्ही वाचायला, विचारायला लागलो. पहिली गोष्ट कळली ती ही की आपल्याकडे माशी एक नाही. आग्या माशी उंच झाडाला, कड्याला, पाण्याच्या टाकीला एकच मोठे पोळे उघड्यावर लावते. फुलोरी म्हणजे बारकी माशी बोरीच्या, डाळिंबाच्या फांदीला हाताच्या पंजाएवढे पोळे लावते. सातेरी अंधारात, झाडाच्या ढोलीत, विहिरीच्या कपारीत, जुन्या भिंतीच्या पोकळीत एकाखाली एक नाही तर एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. चौथी पोयाची माशी, अगदी चिलटाएवढी, तिला नांगी नसते. यांतली आग्या आणि फुलोरी पेटीत राहत नाहीत, कारण त्यांना उघडी हवा लागते. पेटीत राहते ती सातेरी. मेलिफेरा ही पाहुणी. १९६० च्या दशकात पंजाबात डॉ. अटवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती भारतात रुजवली. मोहरी, सफरचंद, बरसीम अशा फुलांच्या मुलखात ती रुजली आणि तिथल्या शेतकऱ्याला तिने पैसाही दिला. ते आम्ही नाकारत नाही. पण ती मोठ्या पोटाची आहे. तिला बारमाही फूल हवे किंवा ट्रकमध्ये घालून फुलामागे फिरवणारा मालक हवा. कोरडवाहू शेतकऱ्याकडे यांतले काहीच नसते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्या तांबूस किडीचे नाव व्हरोआ. ती मूळची आशियातली, आपल्या सातेरीच्या अंगावरची. हजारो वर्षे दोघी एकत्र राहिल्या, त्यामुळे सातेरीने तिच्याशी कसे वागायचे हे शिकून घेतले. सातेरी एकमेकींच्या अंगावरून कीड वेचून काढते. शिवाय कामकरी माशांच्या घरांत त्या किडीला फारसे वाढता येत नाही, ती मुख्यतः नरांच्या घरांत वाढते. म्हणून सातेरीची वसाहत या किडीने सहसा बुडत नाही. युरोपातल्या माशीला ही कला येत नाही, म्हणून तिला औषध लागते. औषधाचा अंश मेणात मुरतो, मधात उतरतो.

म्हणजे रसायनाशिवाय मध काढायचा तर पहिला प्रश्न औषध कोणते टाळायचे हा नाही. कोणती माशी, कोणत्या मुलखात ठेवायची हा पहिला प्रश्न आहे. हे आपल्याला नवीन नाही. संकरित गाय आणि डांगी गाय यांचा, संकरित ज्वारी आणि मालदांडी यांचा फरक आपण अंगावर सोसून शिकलो आहोत. मालदांडी कमी उतारा देते, पण अवर्षणात कडबा तरी हातात ठेवते.

देशी म्हणजे अमर असेही नाही. १९९१-९२ मध्ये थायसॅक नावाच्या विषाणूच्या रोगाने दक्षिणेत, विशेषतः केरळात, सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर बसल्या. त्यावर औषध नव्हते, आजही नाही. ज्या थोड्या वसाहती तग धरून राहिल्या त्यांच्यापासून माणसांनी पुढची वाढ केली. बियाण्याला आपण हाच नियम लावतो. जे दुष्काळात टिकले त्याचे बी धरायचे.

साखर न घालता

नैसर्गिक पद्धत म्हणजे काय, ते चार वाक्यांत सांगतो. माशीला तिचे पोळे तिला बांधू द्यायचे, बाजारातला छापील मेणपत्रा द्यायचा नाही. तिचा खाण्यापुरता मध तिच्याकडे ठेवायचा, वरचा तेवढाच घ्यायचा. साखर आणि गोळी दोन्ही बंद. पेटी दर आठ दिवसांनी उघडून बघायची नाही, कारण आतली ऊब ३४-३५ अंशांवर ठेवायला तिला फार श्रम पडतात.

जगातही हा विचार जुना आहे. फ्रान्समध्ये एमिल वारे नावाच्या धर्मगुरूने गरिबाला परवडेल अशी साधी पेटी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडली. आफ्रिकेत केनियामध्ये १९७० च्या दशकात नुसत्या आडव्या पट्ट्यांची पेटी निघाली. तिला चौकट नको, मेणपत्रा नको, मधयंत्र नको. गावचा सुतार ती करून देतो. आपल्या सह्याद्रीतही पोकळ ओंडक्यात आणि भिंतीतल्या कोनाड्यात माशी पाळण्याची रीत होती. पुस्तकात नवीन दिसते ते आजोबांच्या घरात जुने असते.

मग मध कमी निघेल का? निघेल. सातेरीच्या पेटीतून चांगल्या भागात वर्षाला पाच-दहा किलो, आपल्या कोरड्या रानात त्याहून कमी, आणि दुष्काळाच्या वर्षी शून्य. हे आम्ही आधीच सांगतो, म्हणजे उद्या आम्हालाही कोणी तो व्यापारी म्हणायला नको. दोन पेट्यांवर कोणाचे कर्ज फिटणार नाही. जो कोणी फिटेल असे सांगेल त्याला चहा पाजून परत पाठवा.

मग बाजारात एवढा स्वस्त मध कुठून येतो? दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०१० मध्ये बाजारातल्या मधात प्रतिजैविक औषधांचे अंश दाखवले. त्याच वर्षी युरोपने भारतातला मध घेणे थांबवले, आणि पुढच्या वर्षी पुन्हा सुरू केले. २०२० मध्ये याच संस्थेने १३ छापांचे मध तपासले, त्यांतले सगळ्या चाचण्यांत उतरले फक्त ३. बाकीच्यांत साखरेच्या पाकाची भेसळ सापडली, आणि ती इतकी हुशारीची की साध्या चाचण्यांना सापडेना. ही भेसळ गिऱ्हाइकाची फसवणूक आहेच, पण पहिली मार बसते ती खरा मध काढणाऱ्याला. पाकाच्या भावाशी मधाने स्पर्धा करायची म्हटल्यावर मधपाळाने एक तर धंदा सोडायचा किंवा पाक घालायचा. आम्ही काय केले ते सांगून झाले आहे.

तीन हजार एकरांचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. माशी चरायला एक-दोन किलोमीटर सहज जाते, गरज पडली तर त्याहून लांब. दोन किलोमीटर धरा. पेटीभोवती दोन किलोमीटरचे रिंगण ओढले तर त्यात किती रान येते? साडेबारा चौरस किलोमीटर. म्हणजे साडेबाराशे हेक्टर. म्हणजे तीन हजार एकरांवर रान. एकच किलोमीटर धरले तरी पावणेआठशे एकर.

आमच्यापैकी कोणाकडे पाच एकर, कोणाकडे आठ. मी माझ्या पाच एकरांत एक थेंब विष टाकले नाही आणि पेटीवर 'रसायनमुक्त मध' अशी चिठ्ठी लावली, तर ती चिठ्ठी खोटी आहे. माझ्या पेटीतल्या माशीला माझा सातबारा वाचता येत नाही. ती शेजाऱ्याच्या कापसावर जाते, ओढ्यापलीकडच्या डाळिंबावर जाते, चुलतभावाच्या कांद्यावर जाते, ज्याच्याशी माझे बांधाचे भांडण कोर्टात चालू आहे.

म्हणून म्हणतो, मध एकट्याच्या शेतात होत नाही. गहू एकट्याचा होतो, कापूस एकट्याचा होतो. मध मात्र गावाचा होतो, नाहीतर होत नाही. पाणलोटाचे काम ज्यांनी पाहिले त्यांना हे लवकर समजेल. आपल्याच जिल्ह्यात राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारने दाखवले की माथ्यावरचे पाणी अडवायचे तर शिवाराने मिळून अडवावे लागते. माशीचे तसेच.

खरा पैसा कुठे आहे

मध कमी, मग एवढी उठाठेव कशाला? माशीचा खरा पैसा मधात नाहीच, तो दाण्यात आहे.

कांदा बियाणे घ्या. आपल्या जिल्ह्यात गोट लावून बियाणे करणारे खूप. कांद्याच्या फुलात पराग आधी पिकतो आणि त्याच फुलाचे स्त्रीमुख नंतर तयार होते. म्हणजे त्या फुलाचे त्याच फुलात भागत नाही. कोणीतरी पराग इकडून तिकडे न्यायला हवा, आणि ते काम माशी करते. माशी नसेल तर गोंडे भरघोस दिसतात आणि चोळल्यावर हातात फोल येते. त्यात कांद्याच्या फुलाचा रस माशीला फारसा आवडत नाही. शेजारी दुसरे गोड फूल असले तर ती तिकडे जाते. अशा पिकावर आपण ऐन फुलोऱ्यात फवारा मारतो, मग बी भरत नाही म्हणून आणखी टॉनिक मारतो, आणि शेवटी बी भरले नाही म्हणून बियाणे कंपनीला शिव्या देतो.

सूर्यफुलाचे हेच. मधली दाणे पोचट राहतात तेव्हा खताची नव्हे, माशीची कमतरता असू शकते. कारळे, तीळ, धने, करडई, तूर, डाळिंब, शेवगा या सगळ्यांना माशीचा हातभार लागतो. तुरीला मोठे भुंगे आणि रानमाशा लागतात, त्या तर कोणत्याच पेटीत नसतात, बांधावरच्या मातीत आणि वाळक्या लाकडात राहतात. ज्वारीला वारा पुरतो, माशीची गरज नाही. पण माशीला ज्वारीची गरज असते. पहाटे कणीस फुलात आले की फुलोरी पराग गोळा करताना दिसते. आपली ज्वारी तिची भाकरी आहे.

कापसाला स्वतःच्या परागावर बोंड धरता येते, तरी माशी फिरली तर फायदाच होतो. आणि फायदा राहू द्या, नुकसान कुठे होते ते पाहू.

फवारणी

२००२ मध्ये बीटी कापूस आला. बोंडअळीसाठीची फवारणी काही वर्षे कमी झाली हे खरे, आणि ते मान्य न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण पुढे रसशोषक किडी वाढल्या, गुलाबी बोंडअळी पुन्हा उठली, आणि पंप पुन्हा पाठीवर आला. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. माणूस मरतो तिथे माशीचा काय हिशेब, असे कोणी म्हणेल. आम्ही उलटे म्हणतो. माशी आधी मरते. जिथे माशी मेली त्या रानात आपण दुसऱ्या दिवशी उघड्या पायांनी शिरतो आणि आपल्या बायका सरकी वेचायला शिरतात. माशी म्हणजे खाणीतल्या कामगाराने जवळ ठेवलेला दिवा समजा. तो विझला की बाहेर पडावे.

बीजप्रक्रियेतली निओनिकोटिनॉइड गटातली औषधे झाडाच्या अंगात मुरतात, पराग आणि फुलातल्या रसापर्यंत पोचतात. युरोपने २०१८ मध्ये यांतल्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला. आपल्याकडे सरकीच्या पाकिटात बी रंगवूनच येते, शेतकऱ्याला निवड नसते. बिनऔषधाची सरकी मागण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि ती मागणी या बैठकीने करावी.

पण मागणी मान्य होईपर्यंत आपल्या हातात काय आहे? पुष्कळ आहे. कापसाचे फूल सकाळी उमलते, त्या दिवशी पांढरे-पिवळे असते, नंतर गुलाबी पडते. माशी येते ती सकाळपासून दुपारपर्यंत. फवारणी करायचीच तर दिवस मावळताना करा. धुरळणीची पावडर वापरू नका, ती परागासारखी माशीच्या अंगाला चिकटते आणि घरात जाते. आधी कामगंध सापळे लावून किडी मोजा, पाच टक्के निंबोळी अर्क म्हणजे शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळी, तो सुरुवातीला वापरा, कडेने झेंडू आणि भेंडी लावा. शेजाऱ्याने शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगावे, उद्या मारणार आहे. पेटी असेल तर तो दार झाकून ओले गोणपाट टाकेल. एवढ्या निरोपाला पैसे पडत नाहीत.

मोहोळ जाळू नका

आपल्या भागात निघणारा बहुतेक मध पेटीचा नाही, आग्या मोहोळाचा असतो. तो कसा काढतात? रात्री टेंभा पेटवून. माशा आगीवर झेपावतात आणि जळतात, पोळे मुळापासून कापले जाते. मग मध, अळ्या, पराग सगळे एकत्र पिळतात. तो मध आंबतो, फेस धरतो. एका रात्रीत हजारो माशांची वसाहत संपते, आणि आपण दहा-बारा किलोला राजी होतो.

आग्याच्या पोळ्यात मध साठतो तो एका अंगाला, वरच्या जाड भागात. बाकी पोळे अळ्यांचे. तेवढाच मधाचा भाग कापला आणि अळ्यांचा ठेवला तर माशी राहते आणि तो भाग पुन्हा भरते. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रात डॉ. गोपाल पालीवाल यांनी हीच रीत बसवली आणि मेळघाटसारख्या भागातल्या आदिवासी मध गोळा करणाऱ्यांना शिकवली. अंगात जाळीचा पोशाख, जाळ न करता थोडा धूर, स्वच्छ सुरी, स्वच्छ भांडे, मध पिळायचा नाही, नितळू द्यायचा. एकाच मोहोळातून हंगामात पुन्हा मध मिळतो, आणि गाळलेल्या मधाला भाव चांगला येतो.

मोहोळ झाडणारा हा गरीब माणूस आहे. त्याला आपण गावात शिरू देत नाही किंवा चोर म्हणतो. त्याला हाकलू नका. त्याला पोशाख द्या, आपल्या झाडावरच्या मोहोळाचा वाटा ठरवा, आणि अट एकच घाला, टेंभा नाही. आपल्या अकोले तालुक्याच्या डोंगरातही आदिवासी भाऊ मध काढतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांना गौण वनोपजावर हक्क दिला आणि त्या यादीत मधाचे नाव स्पष्ट आहे. ते आपले सोबती आहेत.

मांघरचा दाखला

गावाने मिळून हे होते का? होते. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर तालुक्यात मांघर नावाचे लहान गाव आहे. १६ मे २०२२ रोजी ते देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. तिथल्या बहुतेक घरांत सातेरीच्या पेट्या आहेत. खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरलाच आहे, त्यामुळे प्रशिक्षण आणि खरेदी जवळ. पुढे कोल्हापूरच्या भुदरगड तालुक्यातले पाटगावही मधाचे गाव झाले. केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून पुण्यात आहे, आपल्यापासून चार तासांवर.

पण मांघर पाहून भिंगारला तेच करू नका. तिथे दरसाल धो धो पाऊस, जांभूळ, गेळा, हिरडा यांचे जंगल आणि फुलांचा पुरवठा मोठा. आपल्याकडे पाऊस कधी येतो कधी नाही. तिथला धडा घ्यायचा तो पेट्यांचा नाही, गाव एकत्र बसले त्याचा. राज्याच्या मध केंद्र योजनेत निम्मे अनुदान आणि निम्मी आपली गुंतवणूक अशी रीत आहे. अनुदानाच्या आशेने पेटी घेऊ नका. फुले आधी, पेटी नंतर.

फुलांचे पंचांग

आपल्या कोरड्या रानात फूल नाही असे आपण म्हणतो. बसून मोजले तर असे निघते. श्रावण-भाद्रपदात बाभूळ, हिवर, बोर. आश्विन-कार्तिकात कापूस, तीळ, कारळे. मार्गशीर्षात तूर आणि ज्वारीचा पराग. पौष-माघात करडई, धने, शेवगा, कांदा बियाणे. फाल्गुन-चैत्रात निंब, जांभूळ. वैशाखात करंज. ज्येष्ठाकडे चिंच. भोक पडते ते दोन ठिकाणी: वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हात आणि आषाढाच्या झडीत. ही दोन भोके साखरेने नाही, झाडांनी बुजवायची. जुने लोक ज्वारीच्या कडेने करडईचे पाट टाकत, काटा असल्याने जनावर आत येत नसे. ती करडई आपण सोडली आणि माशीचा पौष-माघ उपाशी केला. बांधावरची बोर-बाभूळ आपण ट्रॅक्टरला वळण मिळावे म्हणून तोडली.

ठरावाऐवजी पाच कामे

आम्ही ठराव मांडत नाही, कामे मांडतो.

पहिले, प्रत्येकाने यंदा बांधावर निंब, करंज, शेवगा यांपैकी दहा झाडे लावावी आणि असलेली बोर-बाभूळ तोडू नये. रब्बीत ज्वारीभोवती करडईचे दोन तास टाकावेत.

दुसरे, गावात फुलोऱ्यातली फवारणी दिवस मावळताना, आणि आदल्या दिवशी निरोप. कांदा बियाणेवाल्यांनी आधी सुरू करावे, फायदा त्यांचाच जास्त.

तिसरे, उन्हाळ्यात विहिरीजवळ एक उथळ पसरट भांडे पाण्याचे, त्यात खडे टाकून, म्हणजे माशी बुडणार नाही. चार चिमण्यांनाही होईल.

चौथे, मोहोळ जाळून काढू द्यायचे नाही.

पाचवे, ज्याला पेटी ठेवायची त्याने आधी शिकून, एक किंवा दोन सातेरीच्या ठेवाव्या. सावलीत, पायांखाली पाण्याच्या वाट्या, म्हणजे मुंग्या चढणार नाहीत. साखर नाही, गोळी नाही. तीन भाग घरे मेणाने झाकली की मधच काढायचा, कच्चा नाही. उकळायचा नाही. थंडीत थिजला तर घाबरायचे नाही, थिजणे हे भेसळीचे लक्षण नव्हे. बाटलीवर फूल, महिना आणि गाव लिहायचे. 'रसायनमुक्त' हा शब्द लिहायचा नाही, जोपर्यंत गावाचे तीन हजार एकर आपल्याबरोबर नाहीत.

हा शेवटचा नियम आम्ही आमच्यासाठी केला आहे. गेल्या फाल्गुनात आमच्या गटाचा सगळा मिळून अकरा किलो मध निघाला. सातेरीच्या पेट्यांचा आणि एका आग्या मोहोळाचा, न जाळता काढलेला. त्यातली पहिली बाटली आम्ही त्या म्हातारीकडे नेली. तिने बोटावर घेतला, चाखला, आणि बाटलीचे झाकण लावून कपाटात ठेवली. काही बोलली नाही. बाटली परत दिली नाही, एवढे आम्हाला पुरले.

भावांनो, बहिणींनो, आमचे बोलणे संपले. आता गावोगाव जाऊन बांध कोणाचा आणि माशी कोणाची हे भांडण आधी मिटवा. बाकीचे माशी करील.